डेट्रॉइटच्या अग्निपथकाची नाईकी

इसवी सन अठराशे पाचच्या जून महिन्यातली ती पहाट. डेट्रॉइट नदीच्या संथ पात्रावरून धुके वर सरकत होते, टेकडीवरच्या किल्ल्यावर निशाण चढत होते, आणि तटाच्या आडोशाला लाकडी घरांना लाकडी घरे खेटून बसलेली ती फ्रेंच वस्ती, जिच्या जागी आज शहराचा गगनचुंबी मध्यभाग उभा आहे, हळूहळू जागी होत होती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता तो एकट्या गास्पारचा.

गास्पार हा होड्या बांधणारा, वस्तीतला जुना जाणता कारागीर. अग्निपथकाची नाईकी आपल्याकडेच येणार, हे त्याने गृहीत धरले होते. पण किल्लेदाराने ती दिली गास्पारच्याच धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, होड्याच बांधणाऱ्या आंब्रोजला. लाडकी बहीण गेली ती त्याच्या घरी, गिऱ्हाइके वळली त्याच्याकडे, आणि आता मानही त्याचाच! त्या दिवशी आंब्रोज पथकाची पहिली कवायत घेणार होता. भर चौकात त्याची फजिती व्हावी, म्हणून गास्पारने आदल्या संध्याकाळी पाण्याच्या बंबाची चामडी नळी पळवून आपल्या छपरीत लपवली होती.

कवायत झालीच नाही. कुठल्याशा तबेल्यातून धूर निघाला आणि बघता बघता आख्खी गल्ली पेटली.

"नळी कुठे आहे?" आंब्रोज ओरडला. कोणालाच ठाऊक नव्हते. त्याचा पांढराफटक चेहरा पाहून गास्पारला क्षणभर गोड वाटले.

मग वारा फिरला. ठिणग्या किल्ल्यातल्या दारूकोठाराकडे उडू लागल्या. आणि वस्तीतली बायकामुले तर नुकतीच त्या किल्ल्याच्या आसऱ्याला गेली होती.

गास्पार धावला. छपरी पेटलेली होती. ओली घोंगडी डोक्यावर घेऊन तो आत शिरला. बाहेर आला तेव्हा नळी त्याच्या कवेत होती आणि तळहातांची कातडी सोलून निघाली होती. किल्ल्याच्या विहिरीवर बंब लागला, कोठाराचे छप्पर भिजले, माणसे वाचली. वस्ती मात्र दुपारपर्यंत राख झाली.

संध्याकाळी किल्लेदाराने सभा भरवली. "नळी जागेवर नव्हती. जाब कोण देणार?"

आंब्रोज पुढे झाला. गास्पारचे हात पाहून त्याला सारे उमगले होते. "हुजूर, मीच ती दुरुस्तीसाठी गास्पार यांच्याकडे दिली होती. चूक माझी."

गास्पारच्या अंगाची लाही झाली. "हा मोठेपणाही तूच घेणार?" तो गरजला. "हुजूर, खोटे बोलतो आहे तो. नळी मी चोरली. त्याची नाचक्की व्हावी म्हणून चोरली!"

किल्लेदार म्हणाला, "तुम्ही किल्ला वाचवलात, म्हणून फटके माफ. पण पथकात तुमचे नाव पुन्हा लागणार नाही."

पुढे त्या राखेवर नवे शहर आखले गेले. अरुंद गल्ल्या गेल्या, चाकाच्या आऱ्यांसारखे रुंद रस्ते आले. गास्पारने मुद्दाम आंब्रोजपासून सर्वांत लांबची जागा मागून घेतली. त्याची बोटे पुन्हा कधी नीट मिटली नाहीत. रंधा सुटला तो सुटलाच. दर रविवारी आंब्रोज तो लांबलचक रस्ता तुडवत यायचा, शेजारी बसून पावाचे तुकडे मोडून त्याला भरवायचा. गास्पार मुकाट्याने खायचा, आणि आंब्रोजच्या धडधाकट हातांकडे बघत राहायचा.