पश्चिमेला डोकं

पेजेचं पातेलं उतरलं, गाड्या धुऊन झाल्या, पहाटेच्या भाड्याला अजून चार तास आहेत, म्हणून सांगतो. एरवी सांगत नाही. मघापासून तुम्ही त्या पेटीत झोपायच्या विहारावरून खिदळताय, ते ऐकतोय मी. जिवंत माणूस शवपेटीत झोपतो, उठून फोटो काढतो, कसली ही माणसं, वगैरे. हसा. समरानही हसायचा. तुमच्यातल्या दोघांनी त्याला बघितलंय, त्या कोपऱ्यात पांढरी व्हॅन लावायचा तो. पन्नाशीचा, जाडा, गाडीत कुणी थेंबभर सांडलं की दिवसभर कुरकुरणारा. त्याची ही हकीकत. त्याच्याच तोंडून ऐकलेली, आणि असलं काही रचून सांगण्याइतका तो हुशार नव्हता.

गेल्या वर्षीची गोष्ट. पाण्यात दिवे सोडायची पौर्णिमा होऊन तिसरा दिवस, बुधवार. समरान सकाळी नाखोन पथोम स्टेशनवर तीन बायकांना आणायला गेला. तिघी दक्षिणेकडच्या, सोंगख्लाच्या. मासळी डब्यात भरायच्या कारखान्यात कामाला, शाळेपासूनच्या मैत्रिणी. सुट्टी काढून फिरायला आलेल्या. बुसबा म्हणून जी होती ती तिघींची मुकादम. फोनमध्ये ठिकाणांची यादीच घेऊन आली होती.

"काका, मोठ्या मूर्ती आणि तरंगता बाजार नको हं. ते सगळ्या जगानं बघितलंय. आम्हाला काहीतरी विचित्र दाखवा."

"मग आरसा काढा की पर्समधला," समरान म्हणाला.

तिघी खो खो हसल्या. दुसरी लमाई. तिला गाडी लागायची, म्हणून कायम खिडकीशी, लिंबू हुंगत. आणि तिसरी ओरथाय. सगळ्यात मोठा आवाज तिचा. सकाळी नरकाची बाग बघायला गेले, तिथे कढईत उकळणारे सिमेंटचे पापी आहेत ना, त्यातल्या एकाला तिनं आपल्या पळून गेलेल्या नवऱ्याचं नाव दिलं आणि त्याच्या डोक्यात टपली मारली. "बघा काका, शोभतो की नाही?"

पण दुपारी जेवताना ती समरानला हळूच म्हणाली, "पेटीचा विहार नक्की उघडा असतो ना हो?" मग बोलत राहिली. नवरा गेला तो गेलाच, त्यानंतर चार महिन्यांनी पोटातलं पोर गेलं, मग स्कूटरवरून पडून हात मोडला. एका वर्षात. आईनं सांगितलं होतं, सगळं तिथं टाकून ये, नवी होऊन ये. बुसबाच्या यादीत तो विहार सातवा होता. ओरथायची सगळी सुट्टी त्या एका विहारासाठी होती. समरानला वाईट वाटलं. मनाचा मऊ होता तो, तोंडानं काहीही बोलो.

विहारात पोचायला साडेपाच झाले. रीत तुम्हाला ठाऊक आहे. डोकं पश्चिमेला करून झोपायचं, ते मेलेल्या माणसाचं. हातात फुलं, अंगावर पांढरं कापड, आणि भन्ते मयताचं सूत्र म्हणतात. मग पेटीतल्या पेटीत वळायचं, डोकं पूर्वेला, आणि दुसरं सूत्र होतं ते जन्माचं. मग उठायचं. दोन सूत्रांच्या मधे नाव घेऊन हाक मारायची नाही.

समरान बाहेर गाडीशी उभा होता. तिथून परत येताना कालव्याचा रस्ता लागतो, आणि त्या रस्त्यावर बिनदिव्याचे ट्रॅक्टर येतात. अंधारात तो रस्ता त्याला नको असायचा. त्यानं एकदा हॉर्न वाजवला. मग दारापर्यंत आला. आत पहिलं सूत्र नुकतंच संपलं होतं. म्हातारे भन्ते घोटभर पाणी पीत होते. पेटीवर पांढरं कापड, बुसबा फोन धरून उभी.

"ओरथाय! चला, चला. अंधार पडतोय!"

हे लक्षात ठेवा पोरांनो. त्या तिघींना माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं. घाईत माणूस कसा विसरतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

ओरथाय कापडासकट उठून बसली. बुसबा हसली, म्हणाली, झालं, छान आलंय, चल. ओरथाय पाय टाकून बाहेरही आली. भन्त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"निम्मीच झालीय ती," ते म्हणाले. "परत झोपवा."

समरानचा चेहरा पडला. पण बाहेर उजेड चालला होता. "सकाळी आणतो, भन्ते. पहिलं काम तेच. माझी जबाबदारी."

भन्ते त्याच्याकडे बघत राहिले. "सकाळपर्यंत जागा रिकामी राहते का रे?" एवढंच म्हणाले, आणि पांढरं कापड घडी न घालता पेटीच्या काठावर ठेवलं.

निघाले. आठच्या सुमारास हमरस्त्यावरच्या पेट्रोलपंपावर थांबले. तिथलं दुकान काचेचं, दार आपोआप सरकणारं. बुसबा आत गेली, दार उघडलं. लमाई गेली, उघडलं. ओरथाय दारासमोर उभी राहिली. दार बंदच. ती एक पाऊल मागे झाली, परत पुढे आली. बंद. तिनं काचेवर तळहात ठेवला. आत काउंटरवरची मुलगी समोर बघत होती, पण ओरथायकडे नाही.

लमाई परत आली तसं दार सरकलं. "मशीनलापण तू नकोशी झालीस," बुसबा म्हणाली. कुणी फारसं हसलं नाही.

ओरथायनं काही खाल्लं नाही. पाय गार पडलेत म्हणाली, आणि मागच्या आडव्या सीटवर जाऊन झोपली.

गाडी दक्षिणेला, शहराकडे चालली होती. समराननं आरशात बघितलं. उजव्या खिडकीकडे डोकं, डावीकडे पाय. झोपू दे बिचारीला, त्याला वाटलं. मधल्या रांगेत बुसबा फोनवर बोटं फिरवत होती, लमाई पेंगत होती. हॉटेल रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला, म्हणून पुढे जाऊन गाडी वळवून परत उत्तरेला यायचं होतं. वळवली. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. समोरच्या घड्याळाकडे त्याचं लक्ष गेलं म्हणून त्याला आठवतं.

परत आरशात बघितलं.

डोकं डाव्या खिडकीकडे होतं.

कूस बदलली असेल. पण कुशीवर वळलेलं माणूस उजवीकडचं डोकं डावीकडे नेत नाही. त्याला उठावं लागतं.

"लमाई," समरान म्हणाला, "ती उठली होती का?"

लमाई आता जागी होती. मागे तोंड करून बसली होती. "नाही काका. मी बघत होते. एकदा माझी पापणी लवली फक्त."

समराननं मनात रस्ता मांडला. दक्षिणेला जाताना उजवी बाजू कुठली. उत्तरेला जाताना डावी कुठली. दोन्ही वेळा पश्चिमच. हॉटेलचा दिवा समोर दिसत होता. तो तसाच पुढे गेला.

"अहो काका, हॉटेल मागे राहिलं!" बुसबा म्हणाली.

"विहारात जायचंय."

"आत्ता? वेड लागलंय का तुम्हाला? सकाळी ठरलंय ना?"

"मागे बघ," समरान म्हणाला. "आणि काही झालं तरी तिचं नाव घेऊ नकोस."

बुसबानं मागे बघितलं. फोन उलटा करून मांडीवर ठेवला. लमाई पुढच्या सीटवर सरकत आली आणि समरानशेजारी अंग चोरून बसली.

दोन तास उत्तरेला. डोकं डावीकडेच. नंतर कालव्याचा फाटा आला. तिथून विहार बारा किलोमीटर, सरळ पश्चिमेला. तिचं डोकं आता कुठे येणार ते त्याला वळायच्या आधीच कळलं होतं. पण दुसरा रस्ता नव्हता. त्यानं वळण घेतलं.

मागे सीटच्या कापडावर काहीतरी घासल्याचा आवाज झाला. मग काहीतरी जमिनीवरून सरकलं. मधल्या मोकळ्या वाटेनं. हळू.

त्यानं आरशात बघितलं नाही.

बुसबानं पाय वर घेतले. तो आवाज त्याला ऐकू आला.

एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला ऊस. चंद्र मागे. समोर फक्त गाडीचा उजेड. लमाई डोळे मिटून पुटपुटत होती. समरानचा डावा हात गिअरवर होता. त्या हाताला काहीतरी लागलं.

केस.

गार. ओले नव्हते, पण गार…

दोन सीटच्या मधे तिचं डोकं आलं होतं. ती जमिनीवर उताणी पडली होती. डोळे उघडे. वर छताकडे.

"हो…" ओरथाय म्हणाली. "येते…"

कुणीही हाक मारली नव्हती.

समराननं हात काढला नाही. गिअर सोडून कसं चालेल? तसाच चालवत राहिला. बारा किलोमीटर. तिनं आणखी तीनदा उत्तर दिलं. पहिल्यांदा "येते" म्हणाली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा म्हणाली, "नको. अजून नको… आई वाट बघतेय." ती रडत होती. समराननं मला हे सांगितलं तेव्हा तोही रडला, लाज न बाळगता. म्हणाला, मी थांबलो असतो पाच मिनिटं तर काय बिघडलं असतं?

नंतर ती गप्प झाली.

विहाराचं फाटक उघडं होतं. म्हातारे भन्ते पेटीशी बसलेले, जवळ एक दिवा. पांढरं कापड काठावर नव्हतं. पेटीत पसरलेलं होतं, आणि मधोमध जरा फुगलेलं. भन्त्यांनी ते झटकन उचललं. खाली काही नव्हतं.

तिघांनी मिळून ओरथायला उचललं. समराननं डोक्याकडून धरलं होतं. एवढीशी पोर, पण भिजल्या पोत्यासारखी जड. पश्चिमेला डोकं करून ठेवली. पहिलं सूत्र झालं. मग त्याच तिघांनी तिला वळवली, डोकं पूर्वेला. दुसरं सूत्र सुरू झालं. कुणी हाक मारली नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही.

सूत्र संपलं. कापड काढलं.

काही नाही…

मग तिनं श्वास घेतला. मोठा. पाण्यातून वर आल्यावर घेतात तसा. उठून बसली, सगळ्यांकडे एकेक करून बघितलं आणि म्हणाली, "भूक लागलीय."

बुसबा आणि लमाई तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडल्या. समरान पायरीवर मटकन बसला. भन्ते मात्र तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग दिवा उचलून आत गेले. आशीर्वाद द्यायचा असतो, तो त्यांनी दिला नाही.

गुरुवारी त्या कुठे फिरल्या नाहीत. हॉटेलातच राहिल्या. ओरथाय दोन-दोन ताटं भात जेवली. बोलली कमी, पण हसत होती. हॉटेलच्या सरकत्या दाराला तिच्यासाठी उघडायला काही अडचण आली नाही. हात लावला तर अंग गरम. सगळं ठीक. समराननं विहारात जाऊन फुलं वाहिली, भन्ते भेटले नाहीत.

शुक्रवारी सकाळी त्यानं तिघींना स्टेशनवर सोडलं. सामान डब्यात चढवून दिलं. बुसबानं वाकून नमस्कार केला, लमाईनं तर त्याचे दोन्ही हात धरले. ओरथाय खिडकीशी बसली होती. गाडी हलायला लागली तेव्हा तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि समरानच्या शर्टाची वळलेली कॉलर सरळ केली.

"काय रे बेडक्या," ती म्हणाली, "किती सुकलास! जेवतोस ना वेळेवर?"

गाडी निघून गेली. समरान फलाटावर तसाच उभा.

आपल्याकडे पोरावर कुणाची नजर जाऊ नये म्हणून असलं काहीतरी वेडंवाकडं नाव ठेवतात, ते घरातच राहतं. समरानचं ते नाव मला माहीत नव्हतं, आणि मी त्याला तीस वर्षं ओळखत होतो. बायकोलासुद्धा माहीत नव्हतं. ते नाव घेणारी त्याची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती.

हे सगळं सांगून तो व्हॅनची काच पुसायला लागला. शेवटी मीच विचारलं, "मग? तू काय म्हणालास तिला?"

त्यानं कॉलरला हात लावला.

"जेवतो म्हणालो."