पळसाची भिंत

पावर हाउसच्या बाजारात दुकानदार लहानूभैयानं वॉलपेपरचा तो रोल काउंटरवर उलगडला, आणि मी बोलता बोलता थांबले. हे सहसा होत नाही. कोचिंग क्लासात मी गणित शिकवते, आणि माझी बडबड ऐकून पोरांचे कान किटतात.

पण तो कागद! गडद निळा, आणि त्यावर पळसाची फुलं... ताटाएवढी! केशरी रंग असा पेटलेला की हात लावायला भीती वाटावी. मी श्वास घ्यायलाही विसरले होते बहुतेक.

"भैया, यही पॅक कर दो," कसंबसं म्हणाले.

"यही वाला," अगदी त्याच क्षणी शेजारून आवाज आला.

वळून पाहिलं. उंच, उन्हानं रापलेला एक मुलगा. खांद्यावर रेल्वेवाल्यांची काळी बॅग. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तोही त्या फुलांकडे बघत होता – तोंड किंचित उघडं ठेवून.

"एक ही दीवार का माल है," लहानूभैया म्हणाला. "चार रोल, बस."

झालं! मी म्हणाले, पहिलं मी बोलले. तो म्हणाला, पहिला हात त्यानं लावला. इथे बाजारात सगळे बोलतात त्या हिंदीतून आमची चांगलीच जुंपली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हाओ माय, येऊन राहिलो ना! एका मॅडमनं अडवून ठेवलं मले. लय भांडकुदळ हाय..."

"भांडकुदळ कोणाले म्हणता हो?" मी विचारलं.

त्याचा चेहरा! पळसाचं फूल त्यापुढे फिकं पडलं असतं.

"तुम्ही... मराठी?"

"नाही तं काय. आता भांडा मराठीत."

तो हसला. डोळ्यांपासून हसायला सुरुवात झाली आणि ओठांपर्यंत यायला वेळ लागला. मी नजर काढून घेतली, पण जरा उशिराच.

शेवटी लहानूभैयानंच वैतागून निवाडा केला – दोन रोल हिला, दोन ह्याला. बाकीचे नागपूरहून मागवतो. आम्ही दोघंही हट्टाला पेटलेले, म्हणून कबूल झालो. नागपूरची बातमी ज्याला आधी कळेल त्यानं दुसऱ्याला सांगायचं ठरलं आणि फोन नंबरांची देवाणघेवाण झाली. त्याचं नाव भूपेंद्र. दुर्ग लाइनवर असिस्टंट लोको पायलट.

बातमी लवकरच आली – ते डिझाइन कंपनीनं बंद केलंय. म्हणजे अर्धी भिंत माझ्याकडे, अर्धी त्याच्याकडे. आता बोलायचं काही कारण उरलं नव्हतं... पण आम्ही रोज बोलत राहिलो.

"तुमाले कावून पाहिजे होता तो कागद?" एकदा गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यावर मी विचारलं.

"ड्युटीवर समोर रूळच रूळ असतात," तो म्हणाला. "वाटलं, घरी डोळे उघडले की काहीतरी निराळं दिसावं. आन् तुमाले?"

मी थट्टेनं सांगायला गेले, पण खरं तेच बोलून गेले. आमचा सगळा जन्म बाबांच्या पोलाद कंपनीच्या क्वार्टरमध्ये गेला. भिंती कंपनीच्या, रंगही कंपनीचाच. बाबा साधा खिळा ठोकू देत नसत – "क्वार्टर वापस कराचा हाय." ते निवृत्त झाले, दुर्गच्या पद्मनाभपुरात घर घेतलं, आणि सव्विसाव्या वर्षी मला पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली. तर आई म्हणते, "आज ना उद्या लग्न होऊन जाशीन. त्या भिंतीले कायले सजवतं?"

"मले एक भिंत पाहिजे होती, बस," मी म्हणाले. "माह्या आवडीची. एकच."

भूपेंद्रच्या हातातलं गुपचुप तसंच राहिलं, पाणी मनगटावरून ओघळत होतं. त्यानंतर त्याचा फोनच येईना. मी स्वतःला खूप शिव्या घातल्या – कशाला रडगाणं गायलीस, बाई! किती आवडायला लागला होता तो मला, हे तेव्हा कळलं.

आणि रविवारी सकाळी तो दारात उभा! बगलेत दोन रोल, एका हातात खळीची बादली, दुसऱ्या हातात ब्रश.

"वॉलपेपर लावाले आलो," तो बाबांना म्हणाला.

बाबांना वाटलं, कारागीर आहे. "पोरीनं बोलावलं असन," असं पुटपुटत त्यांनी सरळ माझी खोली दाखवली. आईनं पाणी दिलं, आणि वर बजावलं, "फरशी खराब नोको करजो, बापू."

खोलीत आल्यावर मी कुजबुजले, "हे तुमचे रोल आहेत. एकदा चिकटले की निघत नाहीत!"

"माहीत हाय," तो म्हणाला. "तुमचे काढा."

आम्ही कामाला लागलो. पहिली पट्टी तिरकी गेली. दारातून बघणाऱ्या बाबांना ते सहन होईना. कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये जन्म घालवलेला माणूस. आत जाऊन ओळंबा घेऊन आले आणि स्वतःच स्टुलावर चढले. "हं, आता लाव. सरळ!" पट्टीला पट्टी लागत गेली. खळीनं माखलेली आमची बोटं कधी एकमेकांना लागत... आणि लगेच दूर होत नसत.

शेवटची पट्टी बसली. अर्धं फूल अर्ध्या फुलाला मिळालं.

छतापासून जमिनीपर्यंत पळस फुलला होता. खोली तीच, खिडकी तीच, पण आपण कुठे उभे आहोत तेच कळेना. बाबा ओळंबा हातात धरून तसेच उभे होते. आईनं पदर तोंडाशी नेला. "अगं बाई..." एवढंच म्हणाली ती, आणि हळूच पुढे होऊन एका पाकळीवरून हात फिरवला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि पुसायला एक बोट कोरडं नव्हतं.

भानावर आल्यावर आईनं विचारलं, "किती झाले बापू तुमचे?"

"काकू, मी कारागीर नाही," भूपेंद्र म्हणाला. "रेल्वेत हावो. अर्धा कागद माह्याजवळ होता, तो हिच्यासाठी आणला." तो थांबला. मग एका दमात – "मले गुंजन आवडते. लय आवडते."

स्टूल करकरलं. बाबा खाली उतरले.

"मंग भिंत इथं कावून लावली?" त्यांनी विचारलं. "उद्या लग्न झालं तं ती तुह्या घरी येईन."

"तिथं आम्ही दुसरी पाहू, काका. दोघं मिळून," तो म्हणाला. "पण ही खोली तिची हाय. लग्न झालं तरी तिचीच राह्यली पाहिजे. मायघरी आली की आपल्या भिंतीपाशी आली पाहिजे ती."

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी भिंतीकडे. मग त्यांनी ओळंबा खाली ठेवला आणि मला विचारलं, "तुह्यं काय म्हणणं हाय, गुंजन?"

या घरात असं मला कोणी विचारलं नव्हतं. "मले पण आवडतो तो," मी म्हणाले. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.