सदूचं पान

यानचं मराठी म्हणजे सगळा आनंदच. मांडवीला पद्मजाबाईंच्या घरी राहून दोन महिने शिकत होता, तरी 'चहा जेवतो' म्हणायचा आणि स्वतःच खो-खो हसायचा. सानवी ही बाईंची दुसरी विद्यार्थिनी, मॉरिशसची, पणजोबांची भाषा शिकायला आलेली. परक्या गावात दोघांची गट्टी जमली होती. रोज तो प्रागला आपल्या चिमुरडीशी व्हिडिओ कॉलवर बोलायचा, सानवीही तिला हात करायची. रविवारी याला परतीच्या गाडीत बसवून देते, असं तिनं त्याच्या बायकोला कबूल केलं होतं.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी दूधवाले रावजी पायरीवर टेकले. त्यांचं गाव मिरजोळ्याच्या बरंच पुढे, आत. धाकटा भाऊ सदू बोटीवर खलाशी म्हणून गेला, तो परतलाच नव्हता. त्याच्या नावानं पान वाढायचं होतं, पण पानावर बसायला घरात कोणी नाही. पोरं सगळी मुंबईला.

"ह्यांना न्येतो, बाय," ते यानकडे बघत म्हणाले.

"नात्यातला बसवतात, रावजी. निदान गावातला तरी."

"ह्येंचं हितं कोन नाय. त्येच बरं."

बाई दुधाचं पातेलं उचलून आत गेल्या. यान मात्र हरखून गेला. जेवणाला नाही म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. सानवी सोबत गेली.

दुसऱ्या दिवशी रावजींच्या माजघरात गारवा होता, उदाचा वास होता. केळीच्या पानावर वडे, खीर, भोपळ्याची भाजी. रावजींची आई गोदूबाई, डोळ्यांनी पार अधू, पानासमोर येऊन बसली. यानने वडा मोडला.

"बरे झालेत का रं?" तिनं विचारलं.

"बरे हायत, आये. मागच्या टायमाला मीठ जास्त व्हतं," यान म्हणाला.

सानवीला हसूच आलं. लेकाचा चोरून शिकत होता म्हणायचा. मग तिच्या लक्षात आलं की बाकी कोणी हसत नव्हतं. दचकलंही नव्हतं. रावजींच्या बायकोनं त्याला आणखी भात वाढला.

जेवून तो मागल्या दारी गेला. चौकट बुटकी होती. मांडवीला रोज डोकं आपटून घेणारा यान इथे न बघता वाकला. हात धुता धुता त्यानं म्हशीला नावानं हाक मारली. म्हशीनं मान वळवली.

सानवीनं त्याची बाही धरली.

"यान, चल. एसटी चुकेल," ती इंग्रजीत म्हणाली.

पाहुण्याकडे बघावं तसं त्यानं अदबीनं पाहिलं. "बसा की. च्या घिऊन जावा."

त्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं लक्षच दिलं नाही. सानवीनं तो ओढून काढला, उचलला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. चिमुरडी पडद्यावर हसत होती.

तो बघत राहिला.

"आये, ही कोनाची पोर?"

गोदूबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

पोर हसायची थांबली. तिनं आईला हाक मारली. आई पडद्यात डोकावली. सानवीनं पडद्यासमोर वाकून जिवाच्या आकांतानं हात केला, यानचं नाव घेतलं, परत घेतलं.

यानच्या बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. मग सानवीकडे.

"माफ करा, मुलीनं चुकीचा नंबर लावला," ती अवघडून इंग्रजीत म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.