मकरंदची रविवारची रेकॉर्ड

काचेपलीकडच्या पांढऱ्या खोलीत मकरंद एकटाच बसला होता. नाशिकच्या स्मृतिसंशोधन केंद्राचा तसा नियमच होता: रेकॉर्ड वाजताना रुग्णाजवळ चिटपाखरूही नको. नियम डॉ. हेमांगी तळवलकरने स्वतः केला होता, आणि वर्षभर नवरा आत, आपण बाहेर, असं बसून ती तो निमूट पाळत होती. शास्त्रज्ञ मंडळी काळजी घ्यायला लागली की त्यांचा हात कोण धरणार!

"आज कोणती लावू, मॅडम? स्वरशोधक यंत्र तीन सुचवतंय." वसईहून नुकताच रुजू झालेला डॉ. इनास डाबरे विचारत होता.

"यंत्राला काय कळतंय डोंबल! ती निळ्या वेष्टनातली लाव. दुसरी बाजू. व्हायोलिनं नुसती ओथंबून येतात तिच्यात, आणि गाणारा कानाशी बोलल्यासारखा गातो."

"पण सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्याच रेकॉर्डी का?"

"आठवणी टांगायला खुंट्या लागतात रे. आजच्या गाण्यात दोन-चार असतात. यांच्यात साठ वादक, मागे कोरस, मध्येच हार्प. मेंदूतली एक वाट बुजली तरी दुसऱ्या वाद्याच्या वाटेनं आठवण उघडते."

"आणि खोली रिकामी कशासाठी?"

"उघडलेली आठवण ओल्या सिमेंटसारखी असते. त्या वेळी समोर जे असेल त्याचा ठसा घेऊन ती पुन्हा घट्ट होते. मी शेजारी रडत बसले, तर आमच्या लग्नाच्या त्याच्या आठवणीतही मी रडकीच दिसेन. म्हणून समोर काही ठेवायचंच नाही."

इनास काही तरी बोलणार होता, पण सुई टेकली होती.

तरुणपणी मकरंदच्या घरी दर रविवारी मित्रमंडळी जमत. प्रत्येकानं आपल्या आवडीची एक रेकॉर्ड दुसऱ्या कुणासाठी सुचवायची आणि बाजू संपेपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही, असा रिवाज. एका रविवारी मकरंदनं ही रेकॉर्ड लावली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ही हेमांगीसाठी." मागणी घालायची त्याची हीच तऱ्हा. स्मृतिभ्रंशाच्या आजारानं सगळं पुसायच्या आत तेवढा एक रविवार तिला परत हवा होता. त्यात तिचं नाव होतं. बाकीचं गेलं तरी तिची तक्रार नव्हती.

पडद्यावरचा मेंदूआलेख सरसर चढला. मकरंद बोलू लागला, आणि किती स्वच्छ! शिसवी कपाट, खिडकीतलं ऊन, चहाचा वास. सुरुवातीच्या महिन्यांत तो मित्रांची नावंही घ्यायचा. पुढे ती गळत गेली, तेव्हा हेमांगीनं ते आजाराच्या माथी मारलं होतं.

"मी सुई ठेवली," मकरंद म्हणाला. "आणि म्हटलं, ही..."

हेमांगी काचेजवळ सरकली.

"ही कुणासाठी लावली मी? कुणीच नाहीये इथं. एकटाच बोलतोय मी."

इनासचा आवाज खाली आला. "मॅडम, समोर काहीच नव्हतं असं कसं? रिकामी खोली होती. दर वेळी तिचाच ठसा उमटला."

हेमांगीला सगळं उमगलं. वर्षभर रोज आपल्याच हातानं आपण त्याचं घर रिकामं करत होतो! मित्र गेले, मग ती गेली. आणि शेजारच्या खोल्यांमधून बाकीचे रुग्ण आत्ताही एकेकटे ऐकत बसले होते.

"बाकी सगळ्या खोल्यांतल्या रेकॉर्डी बंद कर!" ती ओरडली. "ही मात्र वाजू दे."

आठवण अजून ओली होती. तिनं धाडकन दार उघडलं आणि आत जाऊन त्याचे दोन्ही हात धरले. "मकरंद, मी आहे ना. माझ्यासाठी लावलीस तू. मी हेमांगी!"

मकरंदनं तिच्या पांढऱ्या केसांकडे, ओल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि संकोचून आपले हात सोडवून घेतले.

"तुम्ही चुकून आलात का, बाई?" तो अदबीनं म्हणाला. "इथं कधीच कुणी नसतं."