दहाची बाटली

बंद खोलीत कुणीतरी खोकलं.

तपासणी अधिकारी बाईंचा हात कुलपावरच थांबला. कारखान्यांतल्या अपघातांची चौकशी करण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती, पण असला खोकला त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"तीन दिवस चाललंय हे," मागे उभी असलेली मृत ऑपरेटरची लेक म्हणाली. "सगळे म्हणतात, बाबा इथून गेलेच नाहीत."

"पाइपात हवा अडकते, तिचा आवाज आहे," तिचा नवरा म्हणाला. तो याच शाईच्या कारखान्यात केमिस्ट होता. बोलता बोलता त्याने निळ्या कोटाची उजवी बाही आणखी एक घडी वर दुमडली.

"पांढरे ठिपके पडलेत तिथे," लेकीने उगाचच खुलासा केला. "तीनदा धुतला कोट, जातच नाहीत."

कुलूप निघालं. आत अजून ब्लीचचा उग्र वास कोंडलेला होता. खुर्चीच्या पाठीवर म्हाताऱ्याचा रुमाल तसाच होता, जणू मालक हात धुवायला गेलाय.

शाईचं सांडपाणी इथल्या टाकीत यायचं. हिऱ्याचा पातळ थर दिलेल्या पट्ट्यांतून वीज सोडली की पाण्यातला रंग आणि विष हळूहळू जळून जायचं. सहा तासांचं संथ काम. म्हातारा दर तासाला एक नमुना बाटलीत भरायचा, घट्ट बूच लावायचा आणि खिडकीत मांडायचा. सगळे त्याला बाटलीमास्तर म्हणून चिडवत, आणि तोही खूश असे.

जावयाने लिहिलेला अहवाल बाईंच्या हातात होता. 'ऑपरेटरने हलगर्जीपणाने ब्लीच आणि आम्ल एकत्र केले.' खाली बाईंची सही तेवढी राहिली होती.

"बाबा चहात साखरसुद्धा मोजून घालायचे हो," लेक म्हणाली. "ते गेले ते गेले. पण हलगर्जी हा शब्द त्यांच्या नावावर राहू देऊ नका."

बाई खिडकीपाशी गेल्या. चार बाटल्या होत्या. सातची गडद निळी. आठची जरा कमी. नऊची आणखी थोडी. दहाची मात्र अगदी पारदर्शक.

शेजारच्या वहीत शेवटची ओळ होती : 'दहा. एकदम साफ. कसं काय? आता आम्ल घालतो.'

"आम्ल रोज दहालाच?"

"त्यांच्यावर घड्याळ लावावं असं," लेक म्हणाली. "सगळ्यांना ठाऊक होतं."

"आणि ब्लीच कुठून आलं?" बाईंनी केमिस्टला विचारलं.

"गोदामात एक डबा आहे."

"त्याचं सील शाबूत आहे. मी बघून आले. तुमच्या प्रयोगशाळेत?"

"छे, तिथे थेंबसुद्धा नसतो."

"त्या सकाळी तुम्ही कुठे होता?"

"प्रयोगशाळेतच. दुपारी प्रदूषणवाले पाणी बघायला येणार होते ना, त्याची तयारी. आरडाओरडा झाला तेव्हा धावत आलो. त्याआधी इकडे फिरकलोही नाही."

बाईंनी कोपऱ्यात नजर टाकली. पाणी मऊ करायच्या यंत्रापाशी मिठाची थप्पी होती, वरचं पोतं फाडलेलं. त्यांनी दहाच्या बाटलीचं बूच काढलं आणि तिच्यात नऊच्या बाटलीतलं निळं पाणी थोडं ओतलं. निळा धागा खाली उतरला, थरथरला आणि बघता बघता नाहीसा झाला. लेकीने तोंडावर हात धरला.

"या पाण्यात अजून ब्लीच आहे," बाई म्हणाल्या. "पण ते कुणी ओतलेलं नाही. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की ब्लीच टाकीतच तयार होतं. रंग झटपट उडतो. पाहुणे यायच्या आत पाणी साफ हवं होतं, म्हणून नऊनंतर कुणीतरी टाकीत मीठ टाकलं आणि बाटलीमास्तरांना सांगितलं नाही. दहाला त्यांनी रोजचं आम्ल घातलं. विषारी वायू सुटला."

"पण मीठ टाकलं कुणी?" लेकीने विचारलं.

"धुऊन जात नाहीत ते डाग नसतातच. तिथला रंग उडालेला असतो." बाई केमिस्टकडे वळल्या. "ब्लीच फक्त या टाकीत होतं, आणि आरडाओरड्यानंतर तिला कुणी हात लावलेला नाही. मग तुमच्या बाहीवर ते कधी उडालं?"

तेवढ्यात पाइप पुन्हा खोकला. हवाच ती, केमिस्टनेच सांगितलं होतं. तरी तो दचकून वळला.

"आलो, बाबा," त्याच्या तोंडून गेलं.

मग तो भिंतीला टेकला. "मीठ मीच टाकलं. टाकीच्या बाहेरच्या नळावर मी नमुना भरत होतो. आत ते खोकत होते. असेच. वाटलं, आधी बाटली भरून घेऊ, मग बघू."

बाईंनी अहवालातली ती ओळ आडवी खोडली. लेकीने पाहिलं, पण तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली नाही. ती नवऱ्याजवळ गेली आणि त्याची बाही घडी घडी उलगडत मनगटापर्यंत खाली आणली.

"तीनदा," ती म्हणाली. "माझ्या हातांनी तीनदा धुतला मी हा."