साठ वॉट

रविवारी दुपारी छोटी, ताईची धाकटी बहीण, पिशवीत वीज मोजायचा मीटर घेऊन भावजींकडे, ताईच्या नवऱ्याकडे, आली. कॉम्प्युटर दुरुस्तीत तिची बारा वर्षं गेली होती. ताईच्या मशीनला मात्र ताई गेल्यानंतर ती आज पहिल्यांदाच हात लावत होती.

ताईने कॉम्प्युटरवर एका घराचं चित्रण अर्धं सोडलं होतं. तिच्या आणि भावजींच्या मनातलं, कधी न बांधलेलं घर. दारापासून जिन्यापर्यंत झालं होतं. वरच्या खोल्या उमटायला नवं ग्राफिक्स कार्ड हवं, आणि जुना पॉवर सप्लाय ते सोसेल का, एवढंच बघायचं होतं. सप्लाय जळला तर चित्रण असलेली डिस्कही घेऊन जाणार. प्रत करता करता मशीन दोनदा बंद पडली होती.

"सप्लायचा डबा साडेचारशे वॉटचा आहे, भावजी. नवं कार्ड धरून तीनशे ऐंशी. पुरेल."

"तुझ्या ताईची बेरीज कधी जुळली नाही. तुझी जुळते, बरं आहे." भावजी हसले नाहीत.

नुसती चालू असताना मशीनने सत्तर वॉट खायला हवे होते. मीटरवर एकशे तीस होते.

तिने डिस्क काढली, पंखे काढले, जुनं कार्ड काढलं. आकडा उतरत उतरत नव्वदावर आला. शेवटी सप्लायच सुटा करून टेबलावर ठेवला, तारेच्या तुकड्याने चालू केला. त्याला आता काहीच जोडलेलं नव्हतं.

साठ.

मीटर बिघडला म्हणावं, तर टेबलावरच्या नऊ वॉटच्या दिव्याचे त्याने नऊच दाखवले. साठ वॉट वाया जात असते तर डबा तापला असता. तिने तळवा ठेवून पाहिला. गार.

"मग खातंय कोण?"

"कळत नाही. नवा डबा टाकू या का?"

"नको." भावजी ताईच्या खुर्चीकडे बघत होते. "हे साठ धरून किती होतात?"

"चारशे चाळीस. दहाच उरतात."

"दहात भागेल. तिने कधी जास्त मागितलं नाही."

देवाचं नाव घेऊन छोटीने एकेक वायर परत जोडली, नवं कार्ड बसवलं, बटण दाबून चित्रण पुढे सुरू केलं.

चारशे चाळीस.

जिना संपला. वरची पहिली खोली उमटू लागली.

भावजींनी उठून ताईच्या खुर्चीमागची खिडकी लावून घेतली.

"गार सोसत नाही तिला," ते म्हणाले.

मीटर दोन वॉटने उतरला.