पहिला घास

वृषाली गेली त्या सकाळी निवास कोठावळ्यांनी आपला पेजेचा पेला वेळेवर घेतला. दवाखान्यातून फोन आला तेव्हा तो निम्मा संपला होता. त्यांनी फोन ऐकला, "येतो" म्हणाले, उरलेला निम्मा प्याले, पेला धुऊन पालथा घातला आणि मग चपला घातल्या.

यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मिरजेत आता सगळेच असं करत, आणि मिरजेबाहेरही. मुलगी पुण्याहून आली, अंत्यविधी झाला, दुसऱ्या दिवशी ती परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, ठीक आहात ना?" निवास म्हणाले, "आहे की." ते खरंच ठीक होते. तेच त्यांना काही सुचू देत नव्हतं.

त्यांचा पाय घरात ठरेना. ते उठून खाली बंद खानावळीत जायचे, शटर वर करायचे, स्टीलच्या थाळ्या धुवायचे, पुसून परत रचायचे, शटर खाली ओढायचे. वर येऊन बसायचे आणि परत उठायचे. दात पडला की जीभ सारखी त्या जागी जाते, तसं मन जायचं. पण तिथे खड्डाच लागत नव्हता. सगळा जन्म जिच्या शेजारी बसून भाकरी थापली ती बायको गेली आणि आत काही हललं नाही. असं कसं होईल?

खानावळ बंद पडली ती शांतक आल्यावर. शांतक म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेला एक सूक्ष्म जीव. तो आतड्यात राहतो. पोट रिकामं झालं की पोटातून मेंदूकडे एक रसायन जातं; ते म्हणजे भुकेचा निरोप. शांतक तो निरोप वाटेतच खाऊन टाकतो. शिवाय थोड्या अन्नातून पुष्कळ सत्त्व काढून देतो. जगभर लागोपाठ पिकं जळाली, धान्याच्या गाड्यांवर माणसं तुटून पडू लागली, तेव्हा सरकारांनी घाईघाईने शांतक घरोघर वाटले. दंगे थांबले. कुपोषणाने मरणारी पोरं जगली. सकाळी एक पेला पेज, की दिवस निघाला. निवास त्याला नावं ठेवत नसत. त्यांनी ती दंगलीची वर्षं पाहिली होती.

पण खानावळीत कोण येणार? शेवटी शेवटी फक्त वृषालीच चूल पेटवायची, कोणाच्या घरी मयत झालं की. आपल्याकडे त्याला कडू घास म्हणतात. माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही आणि घरच्यांच्या घशाखाली काही उतरत नाही. म्हणून शेजारच्यांनी पिठलं-भाकरी न्यायची आणि बळेच भरवायची. वृषाली ती सगळीकडे न्यायची. मुजावर गल्लीत न्यायची, मिशनच्या चाळीत न्यायची, आणि तिथल्या बायकाही तिला सांगायच्या की आमच्यातही असंच असतं. समोर बसून ती घास पुढे करायची. "रडायलासुद्धा ताकद लागते. खा." शांतक आल्यावर लोक तिचा डबा ठेवून घेऊ लागले आणि नंतर तेही बंद झालं. ती स्वतः गेली तेव्हा कोणी काही आणलं नाही. गरजच नव्हती.

आठएक महिन्यांनी डॉ. सानिया मुजावर शटरखालून वाकून आत आली. शहराबाहेरच्या संशोधन केंद्रात ती शांतकांवरच काम करायची. कॉलेजात असताना याच खानावळीत जेवायची, तेव्हापासून निवास तिचे मामा.

"मामा, दोनशे माणसांचा स्वयंपाक जमेल का अजून?"

"खाणार कोण?"

"भुकेली माणसं."

निवास हसले. "कुठून आणणार? शाळेच्या पुस्तकातून?"

ती बाकावर बसली आणि सांगू लागली. आधी तिच्याकडे पाळक आवळे आले होते. त्यांची तक्रार अशी की लोक चर्चमध्ये येतात, डोळे मिटतात, पण कोणी काही मागतच नाही. मग कळलं की दर्ग्याच्या जाळीला नवा दोरा बांधला गेलेला नाही. देवीला कोणी नवस बोलत नाही. विहारातल्या भन्तेंचंही तेच म्हणणं पडलं. जैन बस्तीतल्या चौगुले काकी तर तिच्यावर चिडल्याच. उपासाला बसायचं तर सोडायचं काय? जे लागतच नाही ते सोडून कसलं पुण्य?

"सगळ्यांचे देव वेगळे, ग्रंथ वेगळे," सानिया म्हणाली, "पण जवळजवळ प्रत्येकानं माणसाला कधी ना कधी उपाशी राहा असं सांगितलंय. मला वाटायचं, ती आपली शिस्त असेल. मग मी मेंदू तपासायला घेतले."

"आणि?"

"आम्ही धरून चाललो होतो की मेंदूत भुकेची एक वाट आहे. ती भुकेची वाट नाहीच, मामा. 'जे हवंय ते इथे नाही', एवढंच कळवणारी ती वाट आहे. भाकरी नसली तरी तीच, माणूस नसलं तरी तीच. आम्ही भुकेचा निरोप अडवला आणि ती वाट वापरातून गेली. पायवाटेवर कोणी चाललं नाही की गवत माजतं ना, तसं."

निवासांच्या हातातली थाळी पुसून झाली होती, तरी ते पुसतच राहिले. "म्हणजे वृषाली..."

"तुमचं काही चुकलं नाही. अम्मीला दफन केलं त्या संध्याकाळी मी प्रयोगशाळेत होते. कामही चांगलं झालं त्या दिवशी."

तिने एक गोळी तयार केली होती. नाव दिलं होतं 'जाग'. ती घेतली की शांतक झोपतात आणि माणसाला भूक लागते. मात्र अन्नाचा पहिला घास पोटात गेला की शांतक परत उठतात आणि सगळं पूर्वीसारखं होतं.

"पूर्वीसारखं नव्हे. आत्तासारखं," निवास म्हणाले. मग थाळी ठेवून म्हणाले, "मी करतो स्वयंपाक. पण मलाही गोळी पाहिजे."

सगळ्या धर्मांचा मिळून एक उपास ठरवायला माणसं खानावळीत जमली. उपास हवा यावर एका मिनिटात एकमत झालं. तो कसा करायचा यावर तीन बैठका झाल्या.

"साबुदाणा खाऊन तुम्ही उपास म्हणता?" चौगुले काकींनी देवीच्या पुजाऱ्यांना विचारलं. "साबुदाणा, वरी, रताळं, वर शेंगदाण्याची आमटी. आमच्यात याला लग्न म्हणतात."

"आम्ही सूर्य मावळल्यावर सोडतो," दर्ग्याचे खादिम म्हणाले.

"आणि आमच्यात मावळल्यावर घासही चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं."

पाळक आवळे मिशीत हसत होते. "आमचं चाळीस दिवसांचं आहे. धरायचं का?"

शेवटी चौगुले काकीच नरमल्या. सूर्याची कोर बुडता बुडता सोडायचा, म्हणजे त्यांचाही दिवस आणि खादिमांचीही सांज. पाणी ज्याचं त्यानं ठरवावं. जेवायला पिठलं आणि ज्वारीची भाकरी; पिठल्यात कांदा नाही, लसूण नाही. निवास म्हणाले, "मग राहिलं काय? पण करतो."

उपासाच्या दिवशी सकाळी खानावळीमागच्या पटांगणात दोनशे माणसांनी गोळी घेतली. सानियाने घेतली नाही. कोणीतरी शुद्धीवर असायला हवं, असं ती म्हणाली. तिच्या वाट्याची गोळी चुलीजवळच्या डबीत तशीच राहिली.

दुपारपर्यंत काही झालं नाही. मग एका तरुणाने पोट धरून दवाखान्याची गाडी बोलवा म्हणून गलका केला. चौगुले काकींनी त्याला खाली बसवलं. "अरे लेकरा, भूक आहे ती. तुझ्या आजीला विचार." आजूबाजूची माणसं हसली, आणि हसता हसता त्यांनीही पोटावर हात ठेवले.

निवास चुलीपाशी होते. बेसन कालवलं, फोडणी दिली, पिठलं रटरटू लागलं. भुकेने त्यांच्या पोटात पीळ पडत होता. विसरूनच गेले होते ते, की भूक अशी असते, ती आपल्याला जागेवरून उठवते, कुठेतरी बघायला लावते. मीठ टाकलं. आता चव बघायची, पण उपास होता. त्यांनी सवयीने पळीतलं थेंबभर पिठलं डाव्या बाजूला धरलं आणि म्हणाले, "बघ गं, मीठ."

वृषाली नेहमी तळहात पुढे करायची. पिठल्याचा थेंब तळहातावर घ्यायची, चाटायची, आणि डोळे बारीक करून एकच शब्द बोलायची. "टाक", नाहीतर "पुरे".

पळी तशीच हवेत राहिली. पिठलं गळून चुलीत पडलं, चर्र झालं. आणि निवासांना पहिल्यांदा कळलं की डाव्या बाजूला कोणी नाही. दवाखान्यातला फोन आठवला. आपण पेला पालथा घातला ते आठवलं. ते जमिनीवर बसले. सानिया धावत आली, नाडी बघायला लागली, तर त्यांनी तिचा हात घट्ट धरून ठेवला आणि म्हणाले, "आली. आली बघ ती." त्यांना हुंदके आवरेनात आणि तरी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं मन एका जागी थांबलं होतं.

पटांगणातही आता गप्पा नव्हत्या. कोणी गुडघ्यात डोकं घालून बसलं होतं, कोणी मोठ्याने कोणाचं तरी नाव घेत होतं. खादिम, पुजारी, भन्ते, सगळे एकाच सावलीत दाटीने बसले होते आणि प्रत्येकजण काहीतरी मागत होता.

सूर्य खाली आला तशी पंगत बसली. थाळ्या वाढल्या. निवासांनीच वाढल्या, डोळे पुसत. कोर बुडू लागली. पंगतीत कोणीतरी पहिला घास घ्यावा लागतो, मग बाकीचे घेतात. सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

पाळक आवळ्यांचं वय झालं होतं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. सानियाने त्यांची नाडी पाहिली आणि निवासांना हलकेच म्हणाली, "यांना आत्ता खायला हवं. थांबून चालणार नाही."

आवळे बोलतच होते. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी नदीत बुडून गेला होता. त्याच्याबद्दल ते शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते. निवास त्यांच्यासमोर बसले. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला. वृषाली म्हणायची तेच त्यांच्या तोंडून आलं, "रडायलासुद्धा ताकद लागते. खा."

"त्याला सायकल शिकवताना मी मागून सीट धरायचो," आवळे म्हणाले, "आणि तो सारखा विचारायचा, दादा, धरलंयस ना, दादा..." आणि त्यांनी घास घेतला.

त्यांनी तो चावला. गिळला. गालावर पाणी होतं, पण डोळे वाहायचे थांबले. पाण्यावर तेल पसरावं तसा चेहरा गुळगुळीत होत गेला.

"मग?" शेजारच्याने विचारलं. "सायकल?"

"हो, शिकला तो सायकल," आवळे म्हणाले. त्यांनी रुमालाने गाल पुसले, रुमाल ओला का झाला म्हणून पाहिला आणि घडी करून ठेवला. मग थाळीकडे बघून म्हणाले, "मीठ थोडं कमी आहे."

हे सगळ्या पंगतीने पाहिलं. ज्यांनी घास उचलला होता त्यांनी तो परत थाळीत ठेवला. चौगुले काकींनी थाळी दोन्ही हातांनी पुढे सरकवली आणि हात मांडीखाली घेतले, लहान मुलं घेतात तसे.

सूर्य बुडाला. सानिया एकेकासमोर जाऊन सांगू लागली की खा, उपास झाला, वेळ झाली. कोणी नकार दिला नाही, आणि कोणी खाल्लंही नाही. शेवटी ती निवासांपाशी आली. तुकडा मोडून त्यांच्या तोंडाशी धरला.

"मामा, घ्या. मामी असत्या तर त्यांनी भरवलंच असतं."

"ती भरवायची तेव्हा घास पोटात जायचा आणि गेलेलं माणूस मनात जागच्या जागी राहायचं. म्हणून तर खायचे लोक. तुझ्या घासानं तेच जातंय."

"शरीर असं किती दिवस काढेल? मी डॉक्टर म्हणून सांगतेय."

"ते मला कळतं. खानावळ चालवली मी. उपाशी माणसासमोर भरलं ताट ठेवून गप्प बसायची मला सवय नाही." त्यांनी तिचा हात हळूच खाली केला. "पण कडू घास कळत्या माणसानं भरवायचा असतो. डबीत तुझी गोळी आहे. आधी अम्मीला भेटून ये. मग तू सांग, खा म्हणून. मी खाईन."

सानिया पंगतीकडे बघत राहिली. "मी घेतली, मामा, तर इथे खा म्हणून सांगणारं कोणीच उरणार नाही."



थाळ्यांतल्या पिठल्यावर पापुद्रा धरू लागला होता. आवळे तेवढे नीट जेवत होते, एकटेच, आणि मधूनच मान वर करून विचारत होते की सगळे थांबलेत कशासाठी. सानियाने हातातला तुकडा थाळीत ठेवला, ओढणीला बोटं पुसली आणि चुलीजवळ जाऊन डबी उघडली.